आमच्या सोसायटीखालची खाडी

मंडळी, आज दुपारी जे पाहिलं ते सांगायलाच हवं, म्हणून लिहितेय.

बेलापूरला जीआयएसचं प्रदर्शन होतं. एकाच जागेची वेगवेगळी माहिती नकाशावर थरांसारखी ठेवून बघायची, असं ते तंत्र. तिथल्या मुलीने माझा पत्ता टाकला आणि त्यावर ऐंशीच्या दशकातला नकाशा आणला. आमच्या सोसायटीच्या जागी खाडी!

मी ती लगेच ओळखली. तेव्हा मी लहान होते, आम्ही या भागात नवीनच होतो. खेकडे बघायला गेले आणि कमरेपर्यंत चिखलात रुतले. भरती चढत होती. जवळच्या दिवाळे गावातल्या एका कोळणीने पाहिलं. "हलू नको गो पोरी, पानी येतंय! आडवी हो!" म्हणत तिने दोर टाकून मला ओढलं.

"आता पाणी कुठवर येऊ शकतं?" मी विचारलं. मुलीने मोठी भरती आणि मुसळधार पाऊस यांचा थर लावला. निळा रंग आमच्या तळमजल्यावर आला. तिथे माझी आई राहते. तिला चालता येत नाही.

घरी येऊन सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं, तर ते हसले. "ताई, इतकी वर्षं काही झालं नाही. टेन्शन घेऊ नका."

भावाने आणि मी आईला खुर्चीसकट तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे आणलंय. "अगं, झालंय तरी काय?" ती सारखी विचारतेय.

तिला काय सांगू? आणि तुमच्या घराखाली काय होतं, बघितलंय कधी?