डोंगरातल्या अधिकाऱ्याचं मागणं

गुरुग्राममधल्या एका कंपनीत मी मजकूर लिहिण्याचं काम करते. लोक घरबसल्या मोबाइल फिरवतात, समोर एखाद्या जुन्या वास्तूची भिंत दिसते आणि कानात कुणीतरी ती समजावून सांगतं. ते शब्द माझे असतात, आवाज दुसऱ्या कुणाचा. ही वाटणी मला सोयीची आहे. मीटिंगमध्येसुद्धा मी बोलायच्या ऐवजी चॅटवर लिहून मोकळी होते.

यंदा माझ्याकडे इजिप्तमधलं एक थडगं आलं. नाईलच्या काठी कड्यात खोदलेलं, हजारो वर्षांपूर्वीच्या एका प्रांताधिकाऱ्याचं. मजकूर मराठीतही हवा होता आणि टीममध्ये मराठी मी एकटीच. माझी शाळा इंग्रजी, बाहेरचं बोलणं हिंदी, मराठी फक्त घरातलं. त्यामुळे लिहून झालेलं पान मी रोज संध्याकाळी आईला वाचून दाखवायचे. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच असायचो आणि आम्हाला बोलायला काहीतरी विषय हवाच होता.

"प्रांताधिकारी म्हणजे आपला कलेक्टरच की," भेंडी चिरता चिरता आई म्हणाली.

"जवळजवळ."

"बघ, मेला तरी क्वार्टर सोडलं नाही त्याने. नाहीतर आपल्याकडे."

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. निवृत्त झाल्यावर मुदतीच्या आधीच त्यांनी सरकारी घर रिकामं केलं होतं, आणि ते आईच्या मनातून गेलं नव्हतं. पण ती "आपल्याकडे" म्हणाली आणि थांबली. आमच्या घरात बाबांचा विषय असाच अर्ध्यावर थांबायचा.

थडग्याच्या भिंती रंगवलेल्या आहेत. नांगरणी चालली आहे, बायका माग चालवतायत, पोरं कुस्ती खेळतायत, पाणवेलींतून बदकं उडतायत. मधे अधिकारी, इतरांच्या तिप्पट उंच. त्याच्यासमोर पाव, कांदे, बदकं, बैलाची तंगडी यांची रास. आणि दारापाशी एक मजकूर, जो मी दोनदा तपासून घेतला. इथून जाणाऱ्यांनो, असं त्याचं सांगणं आहे, काही आणू नका. फक्त माझं नाव घ्या आणि मला भाकरी, पेय, मांस, कापड मिळो असं मोठ्याने म्हणा. तुमचा काही खर्च नाही, तोंडातला श्वास तेवढा लागेल. कुणी म्हटलं की त्याला जेवण पोचतं, अशी त्यांची समजूत होती.

हे वाचून दाखवलं तेव्हा आईचा हात थांबला.

"नाव घेतल्याशिवाय नाही पोचत?"

"नाही वाटतं."

तिने पुढची भेंडी उचलली.

आईने बाबांचं नाव कधीच घेतलेलं नाही. साताऱ्याकडच्या तिच्या माहेरी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. एरवी "अहो", "हे", "आमच्याकडचे". हॉस्पिटलच्या काउंटरवर "पेशंट का नाम?" असं विचारलं की ती कार्ड पुढे सरकवायची, नाहीतर हनुवटीने माझ्याकडे खूण करायची. तिचे भाऊ त्यांना दाजी म्हणायचे, ऑफिसचे लोक सर, मी बाबा. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांचं नाव उच्चारणारं घरात कुणी उरलंच नाही. वर्षभर ते ऐकू यायचं ते फक्त गेटवरच्या गार्डच्या तोंडून. बाबांचं एक मासिक अजून यायचं. गार्ड इंटरकॉमवर त्यांचं नाव घेऊन सांगायचा, "…जी की किताब आई है."

"बंद करू या का?" मी एकदा विचारलं होतं. "कोण वाचतं?"

"येऊ दे," आई म्हणाली.

तेव्हा मला ते पैसे वाया घालवणं वाटलं होतं. थडग्यातला तो मजकूर लिहिताना कळलं की ती मासिकासाठी म्हणत नव्हती. आणि भीतीही वाटली. उद्या वर्गणी संपली की मग काय? तिला ते नाव हवं होतं, आणि घेता येत नव्हतं. मी तरी कुठे घेत होते?

वर्षश्राद्धाला पुण्याचे गुरुजी लॅपटॉपवर होते. मुलीने केलं तर चालेल, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी पाटावर बसले, लॅपटॉप स्टुलावर. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आता वडिलांचं नाव घ्या," गुरुजी म्हणाले.

"बाबा," मी म्हणाले.

"अहो ताई, बाबा सगळ्यांचेच असतात. नाव सांगा."

मी आईकडे बघितलं. तिने हनुवटीने फोटोकडे खूण केली, अगदी हॉस्पिटलमध्ये करायची तशी. मी नाव घेतलं.

"नेटवर्क गेलं का? काही ऐकू आलं नाही."

पुन्हा घेतलं, जरा मोठ्याने. शाळेच्या फॉर्मवर शेकडो वेळा लिहिलेलं ते नाव माझ्याच आवाजात अनोळखी वाटलं. आई वळून गॅसकडे गेली. पुढे प्रत्येक वेळी पाणी सोडताना ते घ्यावं लागलं, आणि हळूहळू मला ते जमायला लागलं.

संध्याकाळी आम्ही दुपारचंच जेवायला बसलो. आई म्हणाली, "तुझ्या त्या कलेक्टरला काय काय म्हणायचं असतं? वाच जरा."

मी मोबाइलवर पान काढून वाचलं. भाकरी, बिअर, बैल, बदक, कापड.

"बिअर काढ."

"आई, भिंतीवर आहे ते."

"बरं, असू दे. सरकारी माणूस, दमला असेल." मग म्हणाली, "नाव काय त्याचं?"

मी सांगितलं. तिने अडखळत म्हणून बघितलं, परत विचारलं आणि दुसऱ्यांदा नीट म्हटलं. मग जेवणाच्या पानाकडे बघत तिने बाबांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण. आवाज जरा मोठाच होता, शाळेत हजेरी घेतात तसा. मी जेवायची थांबले. ती अवघडली नाही, रडलीही नाही. ती फक्त थोडा वेळ तशीच बसली, जणू पलीकडून कुणी ओ देतंय का ते ऐकत होती.

मग तिने उरलेला वडा माझ्या पानात टाकला.

"खा," ती म्हणाली. "त्यांना पोचलं."