बसमधली स्पॅनिश

म्हापशाहून पेडण्याला जाणाऱ्या संध्याकाळच्या बसमध्ये तो रोज माझ्या पुढच्या बाकावर खिडकीशी बसतो. घरी फोन करून पाव आणू का एवढंच विचारायचं असलं तरी तोंडावर हात धरतो. मग दुसरा फोन येतो. तेव्हा मात्र हात खाली आणि आवाज मोकळा, कुठल्याशा परक्या भाषेत.

मला वाटलं पोर्तुगीज, म्हणजे गोंयकारांना पोर्तुगालचा पासपोर्ट काढून देणारा एजंट. आमच्याकडे परकी भाषा ऐकली की दुसरं काय सुचणार? एकदा विचारलंच.

"पोर्तुगीज न्हय बाई, स्पॅनिश. बोटीवर शिकलों. विसेक देशांची सरकारी भास ती. पूण ह्या बशीत फकत माजी," म्हणाला आणि हसला.

ते हसू मला आवडलं नाही. तिकडे म्हणे कचेऱ्या, कोर्टं, शाळा सगळं त्या भाषेत चालतं, आणि हा ती कुलपासारखी वापरतो!

काल पार्शाच्या चढावर बस मंदावली. तिथे आमचा काजूचा डोंगर आहे. सासरच्या सगळ्यांच्या सह्या लागतात, म्हणून अजून विकला गेलेला नाही. त्याने मोबाइल काचेला लावला, डोंगराचा या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हिडिओ घेतला आणि लगेच फोन लावून खणखणीत आवाजात बोलत सुटला. मला एक अक्षर कळत नव्हतं.

आणि त्या सगळ्या बोलण्यात मध्येच माझ्या धाकट्या दिराचं नाव आलं, आडनावासकट.