ज्या घरातून वास आला नाही

चिखलीला आम्ही ज्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायचो तिथे सहा बिऱ्हाडं होती, आणि सहाही घरांतले पुरुष एकाच कंपनीत. तळमजल्यावर मालकीणबाई. मूळच्या गावच्याच, एकट्या, गुडघ्यांनी अडलेल्या पण जिभेने मोकळ्या. आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. त्या मला "काय गं कोकणे" अशीच हाक मारायच्या आणि मी कपाळाला आठी घालून ओ द्यायचे. आता आक्का नाहीत. तसं कोकणे म्हणून कुणी हाक मारत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

त्या दिवाळीला कंपनीने प्रत्येक कामगाराला स्टीलचा एकेक मोठा डबा दिला होता. झाकणं ढिली, पण फुकटच्या गाईचे दात कोण मोजतं? एका घरात नवरा आणि दीर दोघेही कामाला, त्यांनी जास्तीचा डबा आक्कांना देऊन टाकला. म्हणजे बिल्डिंगमध्ये सात डबे, सातही अगदी सारखे. ते सारखे जिन्यावरून वरखाली फिरायचे. आमच्यात नियम एकच होता, आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. घरात काही नसेल तर चमचाभर साखर घाला, पण रिकामा नाही.

मार्गशीर्षात आक्कांच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ घरी आला. पुढच्या वर्षी त्या रानात प्लॉट पडणार होते, हे शेवटचंच पीक, म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांचे डबे मागवून घेतले आणि दुपारभर बसून भरले. संध्याकाळी त्या भाचीच्या लग्नाला गेल्या, रात्री उशिरा परतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्यांनी प्रत्येक झाकण आवळून बांधलं, आणि सगळ्यात वरच्या खोलीतल्या मुलीने ते डबे घरोघर पोचवले. ही मुलगी नांदेडकडची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आक्कांना जिना चढवत नसे, म्हणून असली कामं तिच्याकडेच.

तिसऱ्या दिवशी आक्कांची नथ सापडेना. ती त्यांच्या आईची नथ. लग्नाहून आल्यावर नेहमीप्रमाणे त्यांनी ती तांदळाच्या डब्यात खुपसली होती. "कपाटातलं चोराला घावतं, तांदळातलं फकस्त मला," असं त्या म्हणायच्या, आणि हे गुपित मला नि त्या मुलीला दोघींना सांगून बसल्या होत्या. त्यांनी आपला डबा परातीत पालथा केला होता. मी तिथेच दारात मेथी निवडत होते.

"व्हतं कोण गं इथं, मी आंघुळीला गेल्यावं?" त्यांनी विचारलं.

"ती वरची होती की," मी म्हटलं. एवढंच बोलले. पण बाण सुटायचा तो सुटला.

दोन दिवसांत बायकांनी नवऱ्यांना सांगितलं, नवऱ्यांनी शिफ्टमध्ये. त्या मुलीचा नवरा कंपनीतून आला तो मान खाली घालूनच, आणि खोली सोडायला त्याने रविवारचा टेम्पो सांगितला. ती नळावर भेटली तेव्हा डोळे सुजलेले होते. म्हणाली, "खोली काय ओ काकू, दुसरी भेटंल. पण तिथंबी ह्या कंपनीचेच लोक राहतेत. जाईन तिथं म्या चोरच."

मी तिला म्हटलं, "रविवारच्या आत शोधते नथ." ते दयेपोटी म्हटलं की भीतीपोटी, ते माझं मलाच ठाऊक. माझ्या तोंडून तिचं नाव गेलंय हे तिला माहीत नव्हतं.

तर मी कामाला लागले. आधी आक्कांचं स्वयंपाकघर बघितलं. ओट्यावर त्यांचा तो कंपनीचा डबा बघितला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. लग्नाहून दमूनभागून आलेली बाई, ओट्यावर ओळीने सात सारखे डबे, सगळ्यांत तांदूळ. आपला समजून तिने दुसऱ्याच डब्यात नथ खुपसली असणार. म्हणजे नथ चोरीला गेलीच नव्हती, वाटपात वर गेली होती.

पण कुणाकडे? घरोघर जाऊन डबे उघडायला लावणं म्हणजे प्रत्येकीला चोर म्हणणं. मी आक्कांना फक्त एवढं विचारलं, की नथ किती खोल खुपसता? "बोटभर," त्या म्हणाल्या. म्हणजे जिने एकदा जरी त्यातला भात लावला तिला नथ दिसलीच असती, आणि या बायका दिसलेली नथ लपवणाऱ्या नव्हत्या. जिने अजून डबाच उघडला नाही, तिच्याकडे नथ. आणि इंद्रायणी शिजली की तिचा वास लपत नाही. सगळ्या जिन्याला कळतं.

शुक्रवारी मी निवडायची भाजी घेऊन जिन्यात ठाण मांडलं. पहिला मजला, दोन्ही घरं, वास. दुसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या घरातून वास. तिसऱ्यावर डाव्या हाताला वास. कुकरच्या शिट्ट्या ऐकत, नाक वर करून, मी एकेक घर सोडवत गेले. मोठी हुशारी वाटत होती स्वतःची. राहिली ती त्या मुलीचीच खोली. ज्वारीची भाकरी खाणारं माणूस, म्हटलं, हिने कशाला भात लावला असेल? शनिवारी सकाळी मी तिच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं, "अगो, नथ तुझ्याच डब्यात आहे. तू तो उघडलाच नाहीस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काकू, आला त्याच दिवशी म्या खिचडी केली की. तुम्हाला वाटीभर आणून दिली. विसरलात का?"

विसरले नव्हते. खाल्ली होती, नावं ठेवत.

मग ती हळूच म्हणाली, "तुमच्याच घरातून वास आला न्हाई ओ."

कोकणातली मी. आम्हाला उकड्या तांदळाचा भात लागतो, शीत न् शीत मोकळं. हा चिकट गोळा कोण खाणार, असं म्हणून तो डबा मी आला तसा माळ्यावर सारला होता. आक्कांनी शेवटच्या पिकातला, हातांनी भरून दिलेला तांदूळ. खाली आले, स्टुलावर चढले. डबा तिथेच होता, चिंधीची गाठ जशीच्या तशी.

खोटं कशाला सांगू, मनात आलंच. गाठ सोडावी, नथ काढावी आणि आक्कांच्या ओट्यामागे टाकून द्यावी. सापडली म्हणून सगळे खूश झाले असते आणि माझी अब्रू झाकली गेली असती. मग नळावरचे तिचे डोळे आठवले. गाठ न सोडता डबा घेतला, तिला हाक मारली आणि दोघी खाली गेलो.

आक्कांनी आपलीच गाठ आपल्याच हातांनी सोडली. बोट घातलं. नथ निघाली.

"माझंच चुकलं, पोरी," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "आमी तुला काय न्हाई ते बोललो."

"तुम्ही नाही," मी आक्कांना म्हटलं आणि तिच्याकडे वळले. "तुझं नाव मी घेतलं होतं. मीच."

टेम्पो नको म्हणून सांगितलं गेलं, ते दोघं पुढे दोन वर्षं तिथेच राहिले. आक्का गुडघे धरून पहिल्यांदाच तिसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या आणि प्रत्येक दारात सांगून आल्या, की चूक माझी हाय. पण त्यानंतर मी त्या मुलीला मोदक पाठवले, सोलकढी पाठवली, फणसाची भाजी पाठवली. प्रत्येक वेळी माझा डबा घासून, पुसून, लख्ख परत आला. आणि रिकामा. दोन वर्षं. तोंडाने ती मला एक शब्द वावगा बोलली नाही.

आता सगळेच पांगले. आक्कांच्या रानात बारा मजली इमारती आहेत. मी तिकडून जाते तेव्हा नाक उगाच वर होतं, पण लिफ्टच्या घरांतून वास बाहेर येत नाही.

गेल्या वर्षी त्या नांदेडच्या मुलीने चाकणला फ्लॅट घेतला आणि घरभरणीला मला फोन केला. मी तोच कंपनीचा डबा भरून नारळाच्या वड्या नेल्या. तिची मुलगी मला आजी म्हणाली. निघताना तिने दारात डबा माझ्या हातात ठेवला, आणि तो जड लागला. झाकणावर चिंधी बांधलेली होती.

रिक्षात मी पदर तोंडाला लावून रडले. घरी आले, गाठ सोडली आणि हातपाय धुवायच्याही आधी त्यातल्या इंद्रायणीचा भात लावला.