खाजणातला नवरा

ठाण्याच्या खाडीकाठी लुर्दसचं खाजण होतं, बापाने मागे ठेवलेलं. मातीचा बांध, आत कमरेएवढं खारं पाणी आणि भरती आत घ्यायला लाकडी झडपेची उघाडी. भरतीबरोबर बोय मासळी आणि कोळंबी यायची. झडप पाडली की आत अडकायची. ती धरून लुर्दस बाजारात विकायची. देवीच्या व्रणांनी चेहरा भरलेला, त्यामुळे लग्न जमलं नव्हतं. थोरला भाऊ सिल्वेस्टर शेजारीच राहायचा.

पन्नास सालच्या एका उधाणाला बोयांच्या मागे तो आत आला. सकाळी लुर्दस उघाडीपाशी गेली, तर छातीपर्यंत माणूस पाण्याबाहेर आणि खाली जिताड्यासारखं रुपेरी शेपूट.

“झडप उघड ना, मला जायचंय,” तो म्हणाला. होड्यांखाली राहून तो इथलीच बोली शिकला होता.

तिने उघडली. पुढच्या उधाणाला तो आपणहून आला.

मग येतच राहिला. त्याचं खरं नाव पाण्याखालीच ऐकू यायचं, म्हणून ती त्याला पर्सी म्हणायची. एकदा तिच्या गालावरच्या खळग्यांवरून बोट फिरवत त्याने विचारलं, “हे कुणी कोरलं गं? छान झालंय.” लुर्दसला रडू फुटलं. त्याने तिच्या डोळ्यांतलं पाणी चाखलं आणि हसला, “तुझ्यात पण खाडी आहे की!” त्या दिवसापासून ती मनात त्याला नवरा म्हणायला लागली.

वरच्या अंगाला नवे कारखाने उभे राहिले. एका भरतीला पर्सी खोकतच आला.

“पाणी कडू झालंय. आमची माणसं खोल समुद्रात चाललीत. मी पण जाणार.”

“परत कधी येशील?”

“नाही येणार.”

“आणि मी?”

“तुला पाण्यात श्वास घेता येत नाही,” तो म्हणाला. दुष्टपणाने नाही, होतं ते सांगितलं.

लुर्दसने झडप पाडली. दुपारी तो उथळ पाण्यात उन्हाला झोपला होता. कोंबड्या उडून जाऊ नयेत म्हणून ती त्यांचे पंख छाटायची, ते पुन्हा फुटायचे. तसंच होईल असं तिला वाटलं. तिने कोयता घेतला आणि शेपटीचा पंखा मुळापासून उतरवला.

तो ओरडला, पण हवेत आवाज उमटला नाही. खाजणाचं पाणी तेवढं थरथरलं आणि बोय उड्या मारून बांधावर पडली.

तिने हळद भरली, जखम बांधली. पंखा पुन्हा फुटला नाही. ती कोळंबी सोलून पुढे करायची. भूक लागायची म्हणून तो खायचा, बोलायचा मात्र नाही. त्याची माणसं झडपेबाहेर येऊन हाका मारायची, तेव्हा बाहेरचं पाणी थरथरायचं आणि मग आतलं. काही भरत्यांनंतर बाहेरचं पाणी शांत झालं.

दोन-तीन वर्षांत कडू पाणी खाजणातही पाझरलं. मासे पोट वर करून तरंगायला लागले. पर्सीच्या अंगावर फोड उठले. शेवटी लुर्दसने भर भरतीत झडप उघडली.

“जा.”

“कशाने?” तो म्हणाला. एवढ्या काळात हाच एक शब्द.

तिनेच त्याला काखेत धरून बाहेर ढकललं. तो हातांनी पाणी मारत राहिला, पण शेपटीत जोर नव्हता. ओहोटी लागली आणि तो चिखलावर उघडा पडला. लुर्दस धावली आणि छातीपर्यंत रुतली. तिची किंकाळी ऐकून सिल्वेस्टर दोर घेऊन आला.

“आधी त्याला काढ!”

सिल्वेस्टरने एकदा तिकडे पाहिलं. “अगं, तो मासा आहे,” म्हणाला आणि दोर बहिणीकडे फेकला. तिला ओढून बांधावर आणेपर्यंत घारी उतरल्या होत्या.

रविवारी ती चर्चमध्ये कन्फेशनला बसली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. म्हाताऱ्या फादरनी एकच विचारलं.

“त्याचा बाप्तिस्मा झाला होता?”

“नाही, फादर.”

“मग तो माणूस धरता येत नाही. मासा कापणं पाप नाही, बाळ. जा घरी.”

“प्रायश्चित्त तरी द्या.”

“कशाचं देऊ?”

त्यानंतर दर रविवारी ती तेच सांगत राहिली. फादर बदलले, उत्तर बदललं नाही.