बिनफोडणीचे दिवस

फाल्गुनातल्या त्या सकाळी गुढियारीतल्या आमच्या घरात नुसत्या उकडलेल्या वरणाचा, हळदीचा मऊ वास भरून राहिला होता. अंगणातल्या कडुलिंबाला तांबूस पालवी फुटली होती आणि तिचीच एक डहाळी आईने दाराच्या चौकटीला अडकवली होती, येणाऱ्याला बाहेरूनच कळावं की या घरात माता आली आहे. माता म्हणजे गोवर. माझ्या भावाची आठ महिन्यांची ओवी तापाने फणफणली होती, कानामागे उमटलेलं लाल पुरळ छातीपर्यंत उतरलं होतं. लस टोचायचं तिचं वय आता होतच आलं होतं, पण तेवढा धीर त्या विषाणूला निघाला नाही.

आणि मी, तिची आत्या, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत नेमका हाच विषाणू वाढवते. तो मोठा फुकट्या आहे. त्याच्यापाशी ना चूल ना भांडी. पेशीत शिरायचं आणि तिच्याच सामग्रीवर आपला वंश वाढवायचा, एवढंच त्याला येतं. शरीराच्या पहारेकरी पेशींवरचं एक प्रथिन त्याला आत घेतं, श्वासमार्गाच्या अस्तरावरचं दुसरं त्याला बाहेरची वाट देतं. यजमान पेशीतलं काय काढून घेतलं तर त्याची वाढ खुंटते, हे मी एकेक करून तपासते. बशीतल्या पेशी एकमेकींत विरघळून त्यांचे मोठाले गोळे झाले की विषाणू छान वाढला म्हणून आम्ही खूश होतो. त्या दिवशी खोकल्याच्या उबळीत ओवी रडायचंही विसरली, तेव्हा तो 'छान' शब्द आठवून मला शिसारी आली.

डॉक्टरांनी व्हिटॅमिन एची मात्रा लिहून दिली होती आणि छाती आत ओढली जाऊ लागली तर लगेच भरती करा, असं बजावलं होतं. आई औषधाला हात लावू देईना. "मातेच्या दिवसांत दवाई नाही देत, थे कोपते," एवढंच तिचं म्हणणं. मी चिडले. हे औषध विषाणूला मारत नाही, ते यजमानालाच बळ देतं, हे मी तिला तावातावाने समजावत होते, आणि जवळच्याच बीरगांवची, हिंदी बोलणारी माझी वहिनी ओवीला खांद्यावर घेऊन रडवेली होऊन म्हणत होती, "दीदी, जो करना है जल्दी करो ना." शेवटी आईच उठली. तिने ती बाटली कडुलिंबाच्या डहाळीला टेकवली, डोळे मिटले, आणि माझ्या हातात देत म्हणाली, "पाज आता. पण घरात फोडणी नाही पडाची. तुले बी नाही."

मग मी निमूट बिनफोडणीचं वरण जेवत राहिले. दुपारी मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज यायचा, आंब्याच्या मोहोराचा वास खिडकीतून यायचा, आणि मी ओवीच्या छातीवर हात ठेवून बसायची. पुरळ उठलं म्हणजे शरीराला शत्रू सापडला, हे मला ठाऊक होतं, पण भीतीपुढे ते ज्ञान तोकडं पडत होतं. पाहुणी आलेल्या मातेला तळलेलं, खमंग काही मिळू द्यायचं नाही, म्हणजे ती मुक्काम वाढवत नाही, असं आई वहिनीला सांगत होती. मी वर्षानुवर्षं पेशींतून एकेक गोष्ट काढून घेते तेही याहून फार वेगळं नाही, हे मनात आलं तेव्हा मला थोडं हसू आलं.

पुरळ तपकिरी झालं, कातडीचा कोंडा पडू लागला, ताप उतरला. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि छाती स्वच्छ आहे म्हणाले, तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवरच बसून घेतलं. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दुपारी आईने तेल तापवलं. मोहरी, लसूण, लाल मिरची. फोडणीचा तिखट खाट घरभर पसरला आणि ओवीला एक सणसणीत शिंक आली, मग दुसरी. स्वतःच दचकून ती खुदकन हसली. वहिनी पदराने नाक पुसत हसत होती की रडत होती, कळेना. आईने चौकटीची डहाळी उतरवली, कपाळाला लावली, "जाय वो माय," म्हणाली.

संध्याकाळी मी बॅग भरायला घेतली. आई दारात उभी होती.

"तुया तिथं बी हेच माता आहे न, बाटलीत?"

"आहे."

"आन् तू तिले वाढवतं?"

तिने डब्यात बांधलेलं माझं जेवण उघडलं, फोडणीचं वरण काढून घेतलं आणि त्या जागी बिनफोडणीचं साधं वरण भरलं.

"हव," मी म्हटलं आणि डबा बॅगेत ठेवला.