मेंढरांना शिकवलेला शब्द

माझ्या धाकट्या भावाला, ज्ञानबाला, इंग्रजीतला एकच शब्द येतो. साईड. शाळेत तो गेलाच नाही. मी निदान दुसरीपर्यंत जाऊन बसले. त्याला हा शब्द ट्रकवाल्यांनी शिकवला.

आमचं गाव कुंभारी, अक्कलकोटच्या वाटेवर. घर रस्त्याच्या अल्याड, चराईचा माळ पल्याड. म्हणून रोज दोनदा मेंढरं रस्त्यावर, आणि रोज दोनदा कुणीतरी गाडीतून मान बाहेर काढून ओरडणार, "ए म्हातारबा, साईड दे!" तेव्हा ज्ञानबा पंचविशीचा होता. पण पटका बघितला की गाडीवाल्यांना सगळे म्हातारेच दिसतात.

रोजची ओरड ऐकून त्यानं एक युक्ती केली. सगळ्यांच्या पुढं चालणारी कपिली नावाची मेंढी होती. फडक्यात मूठभर ज्वारी न्यायची, "साईड" म्हणायचं आणि डाव्या कडेला ज्वारी टाकायची. पंधरा दिवसांत कपिली शिकली. तिच्या मागून बाकीची शिकली, कोकरं आयांच्या मागून शिकली. पहिली कपिली गेल्यावर पुढं येईल तिचं नाव कपिलीच पडायचं. ज्वारी कधीच बंद झाली, शब्द तेवढा राहिला. ज्ञानबानं म्हटलं काय नि गाडीवाल्यानं म्हटलं काय, चाळीस मेंढरं मुंडी खाली घालून डावीकडं सरकायची आणि वळून ज्ञानबाकडं बघायची, बरोबर झालं का म्हणून. आमच्या घराण्यात इंग्रजी कळणारी पहिली ही चाळीस जणं.

पुढं तो शब्द आमच्या घरातच राहायला आला. ज्ञानबाचा मुलगा बिभीषण शहरात, नवी पेठेत, कापडाच्या दुकानात लागला, आणि साईडला मोबाईलची कव्हरं विकायला लागला. घर नवं बांधलं तेव्हा सून सोनम म्हणाली, "मामांना साईडची खोली देऊ, आत्या." गुडघ्याच्या गोळ्या देताना डॉक्टर म्हणाले, साईड इफेक्ट होतात, जेवून घ्या. ज्ञानबा मला हळूच म्हणाला, "आक्का, ह्यो शब्द डाक्टरपतूर कसा ग पोचला? मला वाटायचं, मेंढरांचाच हाय."

माझी नात अक्षता शिकलेली. ती म्हणाली, "आजी, साईड म्हणजे बाजू. कुणाची बाजू घेतात ती पण साईड, त्रिकोणाला असतात त्या पण साईड." मी म्हटलं, त्रिकोणाला तीन असतील बाई, ज्ञानबाच्या मेंढरांना एकच. डावी.

मग रस्ता मोठा झाला. मधोमध कंबरेएवढी भिंत आली आणि आमचा माळ भिंतीपलीकडं गेला. भिंतीला तोड एकच, ओढ्यावरच्या पुलाच्या पुढं. म्हणजे मैलभर मेंढरं रस्त्यानं चालवायची, तेव्हा कुठं पलीकडं जाता येणार. गावातल्या बाकीच्यांनी मेंढरं विकून टाकली. बिभीषण रोज मागं लागायचा.

"आप्पा, इका की आता. गावात कुनाची ऱ्हायलीत मेंढरं?"

"माजी ऱ्हायलीत की."

"तुमी निवांत बसा. आमी हाय न्हवं?"

"निवांत बसायला मला कुनी शिकवलंच न्हाय, बाबा. आता ह्या वयात कुटं शिकू?"

त्याला दुसरं काही नको होतं. मरेपर्यंत मेंढरं राखायची, एवढंच. सोनम त्याच्या मागून म्हणायची, "मामांचं लगीन मेंढरांशीच झालंय, सासूबाई उगाच आल्या मधी." सासूबाई वर जाऊन बसल्यात म्हणून बरं, नाहीतर त्यांनीही मान हलवली असती.

माघातली सकाळ. उन्हं चांगली वर आली होती. ज्ञानबा पुलावर होता, मेंढरं डाव्या कडेनं, शिस्तीत. पुलाला त्या बाजूचा कठडा अजून बसवायचा होता. नुसती लालपांढरी फीत बांधलेली, तीही वाऱ्यानं तुटून लोंबत होती. मागून ट्रक आला. ड्रायव्हर भला माणूस, हे मी कुणालाही सांगेन. मेंढरं बुजतील म्हणून त्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही. गाडी हळू केली, खिडकीतून वाकला आणि म्हणाला, "काका, जरा साईड द्या."

काकांनी काही करायच्या आत कपिलीनं ऐकलं होतं. ती डावीकडं सरकली. तिच्या मागून दुसरी, तिच्या मागून तिसरी. खाली दोन पुरुष खोल कोरडा ओढा, नुसते धोंडे. ज्ञानबा ओरडला, थांबा म्हणाला, नावं घेतली. पण रस्त्यावर त्यांना शब्द एकच ठाऊक. शेवटी तो पुलाच्या कडेला आडवा पडला. त्याच्या अंगाला अडून चौदा राहिली. सव्वीस गेली.

पंचनाम्याला हवालदार आले. वही उघडून म्हणाले, "मेंढरं कुठल्या साईडला होती?"

"डाव्या, साहेब."

"मग बरोबर होती की."

"व्हय. बरोबरच व्हती."

कुणाचं चुकलं यावर गावात दोन तट पडले. बरेचजण पूल बांधणाऱ्या ठेकेदाराच्या साईडचे, कारण त्यांची पोरं त्याच्याकडं कामाला. ज्ञानबाच्या साईडनं मी, अक्षता आणि चौदा मेंढरं.

त्यानं मेंढरांना तो शब्द विसरायला लावायचं ठरवलं. अंगणात बसायचा. स्वतःच्या पायाशी ज्वारी टाकायचा आणि म्हणायचा, "साईड." पायाशी यावीत म्हणून. चौदाच्या चौदा डावीकडं जायची, भिंतीला टेकायची आणि वळून त्याच्याकडं बघायची. बारा दिवस त्यानं हेच केलं. तेराव्या दिवशी त्यानं मूठ उघडलीच नाही.

मग अक्कलकोटाकडचा धोंडप्पा बोलावला. त्याचा मोठा कळप, माळ मोकळा. मेंढरांशी तो कानडीत बोलतो. ज्ञानबा म्हणाला, "अशीच ने, मला काय नको. फक्त येक कर, रस्त्यावर त्यो शब्द तोंडातनं काढू नको."

धोंडप्पा बराच वेळ मेंढरांच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बेडा, अण्णा. नको. मी न्हाय बोलनार. पन ट्रकवाल्यांचं तोंड मी कसं धरू? ह्यांच्या मागनं माजीबी जातील की."

त्यात खोटं काय होतं? चहा पिऊन तो गेला.

शुक्रवारी खाटकाचा टेम्पो आला. अंगणाच्या भिंतीला लावून, डाव्या अंगाला, फळी टाकून उभा केला. दोन माणसं मेंढरांना कान धरून ओढायला लागली. मेंढरं पाय रोवून ओरडत होती. सोनम आत निघून गेली. ज्ञानबा ओट्यावरून उठला. "वडू नका रं," म्हणाला. मग हळूच तो शब्द म्हणाला. चौदाही जणं मुंडी खाली घालून फळीवरनं चढली आणि आत जाऊन वळून त्याच्याकडं बघत उभी राहिली.

आता तो रोज सकाळी मोकळ्या हातानं पुलापर्यंत जाऊन येतो. जातानाही उजवीकडून, येतानाही उजवीकडून. गाडीवाले ओरडतात. सोनम म्हणते, "आत्या, तुमी तरी सांगा की मामांना, येक दिस गाडीखाली येतील." मी हो म्हणते, आणि सांगत नाही.