धोंडिबांचा रविवार

वसुधाबाईंची आणि माझी पहिली भेट पौडच्या दवाखान्यात झाली, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. मी माले गावचा, नवा बी.एस्सी. "इकडची माणसं कळतात ना तुम्हाला? मग आमच्या प्रयोगशाळेत या," बाई म्हणाल्या. मला माणसं कळत नव्हती, नोकरी हवी होती. आज बाई पंचाहत्तरीच्या झाल्या, आणि माझी समज होती तिथंच आहे.

रक्ताच्या जुनाट कर्करोगाच्या रुग्णांच्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बाटलीत वाढवायच्या, हे बाईंचं काम. आमच्या गावचे, मेंढरं राखणारे धोंडिबा त्यांच्या रुग्णांपैकी एक. इतरांच्या पेशी लवकर माना टाकत, धोंडिबांच्या तेवढ्या तगल्या. बाई शब्दांच्या फार काटेकोर. "धोंडिबा आज टवटवीत दिसतायत," असं मी म्हणालो की लगेच, "धोंडिबा नव्हे, पेशी. त्या दिसतायत."

एकदा धोंडिबांच्या पत्नी गंगूबाई आल्या. बाटली निरखून म्हणाल्या, "ह्यांना रविवारी कायबी देऊ नका. आमचं मालक खंडोबाचा रविवार धरत्यात." मी हसू दाबलं. बाईंनी मात्र तेव्हापासून रविवारी घालायचं पेशींचं खाद्य सोमवारवर ढकललं. मी शास्त्रीय कारण विचारलं. "उपास," त्या म्हणाल्या. थट्टा होती की काय, देव जाणे.

पुढे धोंडिबा वारले. पेशी जगत राहिल्या. गंगूबाई निरोप धाडत, "मालक कसं हायेत?" रविवार चालूच होता.

अखेर एका सोमवारी सकाळी, खाद्य घालायच्या आधीच, पेशीही गेल्या. बाईंची सारी मेहनत पाण्यात गेली. निरोपावर भागलं असतं, पण बाई मला घेऊन स्वतः एसटीनं माल्याला निघाल्या. गेलेला माणूस पुन्हा गेला, हे सांगायचं कसं, याची वाक्यं मी वाटभर जुळवत होतो.

गंगूबाईंनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "उपाशी तर न्हाई ना गेलं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "जेवून गेले."

धोंडिबा वारले तेव्हा न रडलेल्या गंगूबाई त्या दिवशी पोटभर रडल्या. परतताना मी म्हणालो, "बाई, पेशी गेल्या. आणि उपाशीच गेल्या." बाईंनी कंडक्टरकडून दोन तिकिटं घेतली.

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि बाई, तुमच्या शंभरीला मी येईनच, तेव्हा तेवढं एक व्याकरण मला समजावून सांगा.